वर्कस्टेशन कीबोर्ड, वर्षभर वापरल्यावर: आवाज उत्तम, पण फाइलींना तारीखच नाही

आवाज, कीजचं वजन, पॉलिफनी (एकाच वेळी किती सूर वाजतात ते) यावर इथे लिहीत नाही. ते भरपूर जणांनी लिहिलंय आणि त्यात माझी तक्रारही नाही. वर्कस्टेशन म्हणजे आवाज बनवणं आणि अख्खं गाणं नोंदवणं एकाच जागी करणारा कीबोर्ड. वर्षभर तालमीला आणि कार्यक्रमाला हेच वाद्य वाजवतोय. आज लिहायला बसलो ते बॅकअपबद्दल, कारण वाद्य नुकतंच सर्व्हिस सेंटरमधून परत आलंय आणि डोकं अजून शांत झालेलं नाही.

सुरू करताना ते लोगोवरच अडकायला लागलं होतं. मेन बोर्ड बदलावा लागला. देतानाच काउंटरवर बजावलं होतं, की उघडण्याआधी यूजर बँक (मी बनवलेल्या आवाजांचा संच) काढता आली तर काढून ठेवा. परत मिळालं ते कोरं. फॅक्टरी साउंड जागच्या जागी, माझे लेयर (एकावर एक चढवलेले आवाज), स्प्लिट (डाव्या हाताला एक आवाज, उजव्याला दुसरा), सेटलिस्ट (कार्यक्रमाच्या क्रमाने लावलेले आवाज) सगळं गायब. विचारलं तर उत्तर आलं, "डेटाची जबाबदारी आमची नाही, पावतीच्या मागे छापलंय." छापलंय, मान्य. बोर्ड वॉरंटीत बसला, पैसे गेले नाहीत, तेही मान्य. पण जुन्या बोर्डावरून काही वाचायचा प्रयत्न तरी केला का, या साध्या प्रश्नाचं उत्तर तिथे कुणाकडेच नव्हतं. जुना बोर्ड मागितला, तर तो केव्हाच कंपनीकडे रवाना झालेला.

बॅकअप माझ्याकडे होते, आणि भरपूर होते. प्रत्येक कार्यक्रमाआधी पेनड्राइव्हवर सेव्ह मारायची सवय आहे. पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला आणि सगळ्या फाइलींवर एकच तारीख दिसली: १ जानेवारी १९८०. पेनड्राइव्हवर फाइली मांडायच्या फॅट नावाच्या पद्धतीत तारखा १९८० पासूनच मोजल्या जातात. वाद्यात बंद असताना चालत राहणारं घड्याळ नाही, म्हणून ते प्रत्येक फाइलीवर पहिलीच तारीख ठोकून देतं.

बरं, सर्वांत नवी फाइल कोणती ते आकारावरून ओळखावं, तर पूर्ण बँक सेव्ह केली की फाइल नेहमी तेवढीच भरते, मग तुम्ही एक आवाज बदललेला असो की शंभर. नावाला जागा आठ अक्षरांची, तीही डायल फिरवून एकेक अक्षर निवडायचं. फाइलीच्या आत काय आहे ते लोड केल्याशिवाय दिसत नाही, आणि लोड केलं की आतलं सगळं पुसून त्यावर नवं बसतं. म्हणजे 'बघून तर घेऊ' ही सोयच नाही. एक फाइल लोड करा, पियानो-स्ट्रिंग्जचा लेयर वाजवून बघा, स्ट्रिंग्जचा अटॅक (आवाज किती पटकन उठतो ते) जुना की नवा ते कानाने ठरवा, मग पुढची फाइल. अख्खी संध्याकाळ यात गेली. बटणात मावेल एवढ्या घड्याळाअभावी एवढी मेहनत का करायची?

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. योग्य फाइल सापडल्यावर सगळं मिनिटाभरात परत आलं. स्प्लिट पॉइंट, इफेक्टचे सेंड, पेडलचं सेटिंग, एकही आकडा इकडचा तिकडे नाही. नवीन बोर्डावर जुनी फाइल इतकी बिनबोभाट बसेल असं वाटलं नव्हतं. फक्त माझ्या सॅम्पलवर (रेकॉर्ड केलेल्या ध्वनींवर) बांधलेले आवाज मुके होते. प्रोग्राममध्ये, म्हणजे आवाजाच्या सेटिंगमध्ये, सॅम्पल नसतो, त्याचा नुसता पत्ता असतो. सॅम्पलची फाइल वेगळी लोड केली आणि तेही बोलू लागले.

सुरुवातीला माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर होता. पॉवर बंद केली की सिक्वेन्सरमधलं (वाजवलेलं नोंदवून ठेवणाऱ्या भागातलं) गाणं जातं, ते दर वेळी बाहेर सेव्ह करावं लागतं. याच कारणासाठी वाद्य विकायचा विचारही केला होता. आता ते मत बदललंय. गाणी दर वेळी बाहेर काढावी लागत होती, म्हणूनच बोर्ड गेल्यावर एकही गाणं गेलं नाही. ज्या गोष्टी वाद्य 'आत' नीट सांभाळत होतं, त्याच बोर्डाबरोबर गेल्या.

घड्याळाचं मात्र अजून खुपतं. मॅन्युअल चाळताना तारीख लावायचं पान सापडलं, आनंद झाला. तारीख लावली, सेव्ह केलं, फाइलीवर तारीख बरोबर आली. दुसऱ्या दिवशी सुरू केलं तर पुन्हा १९८०. आत बॅटरी नाही, त्यामुळे पॉवर गेली की तारीखही जाते. १९८८ च्या कॉर्ग एम१ या कीबोर्डमध्ये आवाज लक्षात ठेवायला सीआर२०३२ ही साधी बटण बॅटरी होती. तीच बॅटरी इथे फक्त घड्याळासाठी टाकली असती, तर खर्च नगण्य होता. ते नसेल, तर निदान नावापुढे आपोआप वाढता क्रमांक द्या. तेवढं सॉफ्टवेअर अपडेटमध्ये होऊ शकतं, आणि तसं मी कंपनीला लिहिलंय.

तोवर माझी पद्धत अशी. सेव्ह केल्यावर त्याच रात्री पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावतो आणि सगळं एका फोल्डरमध्ये कॉपी करतो. फोल्डरचं नाव आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. बँक, गाणी आणि सॅम्पल एकाच फोल्डरमध्ये, कारण यातलं एक जरी राहिलं तरी बाकीचं अर्धवट. मिडी (वाद्यं एकमेकांना आणि कॉम्प्युटरला जोडायची पद्धत) केबलवरून बल्क डंप, म्हणजे आतला सगळा डेटा एकदम बाहेर, घेऊन पाहिला, पण मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे एक एमबीलाच पाच मिनिटांच्या वर. दोन-चार आवाज पाठवायला ठीक, सॅम्पलसाठी विचारही करू नका. पेनड्राइव्ह ३२ जीबीपर्यंतचा घ्या आणि वाद्यातच फॉरमॅट करा. मोठा ड्राइव्ह बहुतेक वेळा एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत येतो आणि माझं वाद्य तो ओळखतच नाही.

असा वर्कस्टेशन कीबोर्ड सेकंडहँड बघत असाल, तर कीज दाबून बघण्याआधी यूएसबी पोर्ट बघा. पेनड्राइव्ह लावून एक बँक सेव्ह करा, वाद्य बंद करून पुन्हा सुरू करा आणि तीच बँक लोड करा. पोर्ट ढिला असेल आणि सेव्ह होताना कनेक्शन सुटत असेल, तर आवाज कितीही आवडला तरी ते वाद्य घेऊ नका.