सोनो-गायडेड बायोप्सी, पुणे: मॅडमना ५ स्टार, काउंटरला २

मॅमोग्राफीत उजव्या स्तनात गाठ दिसली, रिपोर्टवर बायरॅड्स (संशय किती ते सांगणारी श्रेणी) ४ए, म्हणजे कॅन्सर निघायची शक्यता २ ते १० टक्के, पण ते वाचून झोप कुणाला लागते. आधी दुसऱ्या एका ठिकाणी नुसतं हाताने चाचपून बारीक सुईने पेशी ओढून घ्यायची तपासणी, एफएनएसी, केली होती, रिपोर्ट काय तर मटेरियल अपुरं. पैसे गेले, आठवडा गेला, गाठ तिथेच. मग सर्जन म्हणाले सोनोग्राफीत बघत कोअर बायोप्सीच करा, त्यात सुट्या पेशी नाही तर टिश्यूचा अख्खा तुकडा मिळतो.

इथल्या रेडिओलॉजिस्ट मॅडम भारी आहेत. आधी बायोप्सीची गन, म्हणजे सुई झटक्यात आत सोडणारं यंत्र, हवेत उडवून आवाज ऐकवला, ठाक्, मोठ्या स्टेपलरसारखा, म्हणजे ऐन वेळी मी दचकून हलायला नको. भुलीचं इंजेक्शन चुरचुरलं, नंतर फक्त दाब जाणवला. स्क्रीनवर सुई म्हणजे एक पांढरी रेघ, गाठीत घुसलेली. मला वाटलं झालं, पण त्यांनी प्रोब (सोनोग्राफीचं अंगावर फिरवतात ते यंत्र) काटकोनात फिरवून गाठीच्या मधोमध सुईचा ठिपका दाखवला, कारण एकाच बाजूने बघितलं तर शेजारून गेलेली सुईपण आत असल्यासारखी वाटते म्हणे. १४ गेजची सुई, ५ तुकडे. बाटलीतल्या फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तुकडे टिकवायच्या द्रवात, टाकले तर ४ बुडाले, १ तरंगत राहिला, तो बहुतेक नुसती चरबी.

मैत्रिणीला गाठ नव्हती, कॅल्शियमचे बारीक कण होते, ते सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत, म्हणून तिची मॅमोग्राफीच्या मशीनवर एक्स-रेने जागा हेरून बायोप्सी (स्टिरिओटॅक्टिक) केली आणि काढलेल्या तुकड्यांचाच एक्स-रे काढून कण आलेत का ते बघितलं. ती सोय इथे नाहीये, जाण्याआधी विचारून घ्या.

माझा रिपोर्ट आला, कॅन्सर नसलेली साधी गाठ, म्हणजे फायब्रोअ‍ॅडेनोमा. मॅडमनी तो सोनोच्या फोटोंशी ताडून बघितला, जुळतंय म्हणाल्या, नसता जुळला तर चांगला रिपोर्ट येऊनही परत बायोप्सी करायला लावली असती. आता ६ महिन्यांनी सोनो.

काउंटरचं मात्र काय सांगू. तुकड्यांची बाटली लॅबला पोचवायचं काम नातेवाइकांचं! आमच्या ह्यांनी ती पिशवीत घालून स्कूटरवरून नेली, तिथे बघतात तर लेबलवर वय २६. मी ४६ची. लॅबवाल्यांनी बाटली घेतलीच नाही, बरोबरच केलं त्यांनी. परत सेंटर, नवीन लेबल, सही-शिक्का, परत लॅब, ह्यांची अख्खी दुपार त्यात गेली, आणि काउंटरवरची मुलगी म्हणते, काका, वय कमीच लिहिलंय ना.