बंदी, कोटा की निधी? परक्या माध्यमांपुढे संस्कृती राखण्याचे मार्ग, शेजारी शेजारी ठेवून

1960 च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आइसलंडमध्ये केफ्लाविकच्या अमेरिकी लष्करी तळावर सैनिकांसाठी एक टीव्ही केंद्र चालायचं. त्याची प्रक्षेपणशक्ती वाढवली गेली आणि त्याचे कार्यक्रम राजधानी रेक्याविकच्या घरांत दिसू लागले. देशाची लोकसंख्या दोन लाखांच्या आत, आणि स्वतःचं टीव्ही केंद्र अजून उभंच राहिलेलं नव्हतं. म्हणजे तिथल्या अनेक मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा टीव्ही पाहिला तो दुसऱ्या देशाच्या सैन्याचा. 1964 मध्ये साठ नामवंत नागरिकांनी हे प्रक्षेपण तळापुरतंच ठेवावं, असा अर्ज संसदेकडे केला. 1966 मध्ये देशाची स्वतःची टीव्ही सेवा सुरू झाली. तळाचं प्रक्षेपण तळापुरतं आवरलं गेलं ते त्यानंतर, 1974 च्या सुमारास.

आधी आपलं सुरू झालं, मग परकं आवरलं गेलं. या विषयावरच्या बहुतेक वादांत हा क्रमच हरवतो. चर्चा सुरू होते ती "काय बंद करायचं" इथून, आणि "आपलं काय आहे" हा प्रश्न शेवटी, वेळ उरला तर. तुम्ही एखाद्या धोरण समितीवर असाल, कलाकारांच्या संघटनेत असाल किंवा मतदार म्हणून आपलं मत ठरवत असाल, तरी तुमच्यासमोर मुख्यतः चारच मार्ग येतील: अडवणं, जागा राखून ठेवणं, पैसा उभा करणं आणि भाषेची सोय लावणं. या चौघांना एकमेकांशेजारी ठेवून पाहू.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ही चिंता खोटी किंवा मागासलेली आहे असं मला अजिबात वाटत नाही. मोठ्या देशातला निर्माता आपला खर्च घरच्याच बाजारात वसूल करतो आणि तोच कार्यक्रम बाहेर स्वस्तात विकतो. छोट्या देशातल्या वाहिनीला तासभराचा परका कार्यक्रम विकत घेणं हे तासभराचा स्वतःचा कार्यक्रम बनवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. त्यात कुणाचा कट नाही, हा साधा हिशोब आहे. पण परिणाम असा होतो की लोकांना काय आवडतं हे कळण्याआधीच पडद्यावरची जागा भरून जाते. त्यामुळे "बाजार ठरवेल" हे उत्तर पुरेसं नाही.

अडवणं: चीन आणि इराण

बंदीचं सगळ्यात यशस्वी उदाहरण म्हणून चीनकडे बोट दाखवलं जातं. 1994 मध्ये चीनने वर्षाला दहा परदेशी चित्रपट उत्पन्नात वाटा देण्याच्या तत्त्वावर घ्यायला सुरुवात केली. जागतिक व्यापार संघटनेत गेल्यावर ही संख्या वीस झाली, आणि 2012 च्या करारानंतर चौतीस. आज तिकीटबारीवरचा फार मोठा हिस्सा चिनी चित्रपटांचा असतो.

पण हे आकडे पाहून निर्णय घेणाऱ्याने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, इतका मोठा घरचा बाजार हाताशी असेल तरच परका निर्माता अशा अटी मान्य करतो. दोन, परक्या चित्रपटाला अडवणारी यंत्रणा घरच्या दिग्दर्शकालाही तितक्याच सहजपणे अडवते, आणि चीनमध्ये ती अडवते. संस्कृती राखण्याच्या नावाखाली संस्कृती घडवणाऱ्यांचंच तोंड बंद होणार असेल, तर मला हा सौदा मान्य नाही.

इराणने 1990 च्या दशकाच्या मध्यात सॅटेलाइट डिश कायद्याने बंद केल्या. छपरांवर छापे पडले, डिश फोडल्या गेल्या. 2016 मध्ये तिथे एका वेळी सुमारे एक लाख डिश नष्ट करण्यात आल्या. त्याच वेळी देशाचे संस्कृतिमंत्री अली जन्नती यांनी उघडपणे सांगितलं की सत्तर टक्के इराणी लोक हा कायदा मोडतात, तेव्हा तो बदलायला हवा. वीस वर्षांच्या बंदीनंतर खुद्द मंत्र्याने दिलेला हा हिशोब आहे. चोरवाटेने येणाऱ्या कार्यक्रमावर ना कर लागतो, ना त्याला वयाची अट घालता येते, ना त्याच्याकडून घरच्या निर्मितीसाठी एक पैसा मिळतो.

कोटा: तीन देश, तीन निकाल

कोटा हा मधला मार्ग वाटतो. परकं येऊ द्यायचं, पण काही जागा आपल्यासाठी राखायची. याचे निकाल मात्र इतके वेगवेगळे आहेत की नुसतं "कोटा हवा" किंवा "नको" म्हणण्यात अर्थ नाही.

ब्रिटनने 1927 च्या कायद्याने वितरकांवर आणि चित्रगृहांवर ब्रिटिश चित्रपटांचा ठरावीक हिस्सा बंधनकारक केला. हा हिस्सा टप्प्याटप्प्याने 20 टक्क्यांपर्यंत वाढणार होता. झालं काय? अमेरिकी वितरकांनी ब्रिटनमध्येच अत्यंत स्वस्तात, घाईघाईने चित्रपट बनवून घेतले आणि कोट्याचे रकाने भरले. असे चित्रपट कधी कधी सकाळी, सफाई चालू असताना, रिकाम्या खुर्च्यांपुढे दाखवले जायचे. नवे तंत्रज्ञ या कामावर शिकले, हे खरं. पण "ब्रिटिश चित्रपट म्हणजे टाकाऊ" अशी प्रेक्षकांची धारणा झाली, ती याच काळात. शेवटी 1938 मध्ये किमान निर्मितीखर्चाची अट घालावी लागली. आडात नव्हतं, तेव्हा पोहऱ्यात काय येणार!

दक्षिण कोरियाचं उदाहरण सगळेच देतात, पण अर्धं देतात. तिथे चित्रगृहांनी वर्षाचे 146 दिवस कोरियन चित्रपट दाखवावेत असा नियम होता. तरीही 1988 मध्ये हॉलिवुडच्या कंपन्यांना थेट वितरणाची मुभा मिळाल्यावर कोरियन चित्रपटांचा हिस्सा घसरत गेला आणि 1993 मध्ये सोळा टक्क्यांच्या आसपास आला. म्हणजे कोटा चालू असतानाच ही घसरण झाली. सावरलं ते पुढच्या दहा वर्षांत: नवे निर्माते आले, गुंतवणूक आली, चित्रपटशिक्षण वाढलं, आणि लष्करी राजवटीच्या काळातली सेन्सॉरची पकड सुटली. 1996 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने चित्रपटांची पूर्वतपासणी घटनाबाह्य ठरवली. ही शेवटची बाब कोट्याच्या चर्चेत कुणी काढत नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी आहे. 2006 मध्ये अमेरिकेशी व्यापारकराराच्या वेळी कोटा 146 वरून 73 दिवसांवर आणला गेला. कलाकार रस्त्यावर उतरले. पुढची काही वर्षं हिस्सा खाली आला, मग पुन्हा निम्म्याच्या वर गेला. एकदा मुळं धरलेल्या झाडाचा आधार अर्धा काढता येतो. रोप असताना काढला असता तर काय झालं असतं हे सांगता येत नाही, म्हणून कोटा निरुपयोगी होता असंही मी म्हणणार नाही.

जपानी गाण्यांवर आणि चित्रपटांवर कोरियात 1945 नंतर निर्बंध होते. ते 1998 पासून टप्प्याटप्प्याने उठवले. जपानी लाटेत आपण बुडू ही भीती तेव्हा अगदी खरी होती, कारण त्यामागे वसाहतीच्या जखमा होत्या. बुडाले नाहीत. पाचेक वर्षांत कोरियन मालिकाच जपानमध्ये घरोघरी पाहिल्या जाऊ लागल्या.

फ्रान्सचा रेडिओ कोटा मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो, कारण तो बारकाईने आखलेला आहे. 1994 च्या कायद्याने ठरलं, आणि 1996 पासून लागू झालं, की रेडिओवरच्या गाण्यांपैकी 40 टक्के फ्रेंचमध्ये असावीत आणि त्यातली निम्मी नव्या कलाकारांची किंवा नव्या निर्मितीतली. या "निम्मी नवी" अटीमुळे नुसती जुनी लोकप्रिय गाणी घोळवत बसण्याची सोय राहिली नाही. स्थलांतरितांच्या वस्त्यांतून आलेल्या फ्रेंच रॅपला रेडिओची दारं उघडली त्यात या नियमाचा हात होता, असं तिथले संगीतक्षेत्रातले लोक मानतात. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा वेगळंच संगीत असेल. तरी पळवाट निघालीच: काही केंद्रं मोजकी फ्रेंच गाणी दिवसभर पुन्हा पुन्हा लावून टक्केवारी पूर्ण करू लागली. म्हणून 2016 मध्ये दुरुस्ती झाली. एखाद्या केंद्रावर वाजणाऱ्या फ्रेंच गाण्यांत सर्वाधिक वाजणाऱ्या दहा गाण्यांचाच वाटा निम्म्याहून जास्त असेल, तर निम्म्यावरचं त्यांचं वाजणं कोट्यात मोजलं जात नाही.

कोटा लावायचा तर असा लावावा: काय मोजायचं हे ठरवून, आणि पळवाट दिसली की दुरुस्तीची तयारी ठेवून.

निधी: तिकिटातून कापलेला वाटा

माझा कल इकडे आहे, हे लपवत नाही. फ्रान्समध्ये चित्रपटाच्या प्रत्येक तिकिटावर 10.72 टक्के कर लागतो आणि तो 1946 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट केंद्राकडे जातो. तिकीट हॉलिवुडच्या चित्रपटाचं असो वा फ्रेंच, कर सारखाच. म्हणजे परका चित्रपट जितका चालेल, तितका घरच्या पुढच्या चित्रपटासाठी पैसा उभा राहतो. पुढे टीव्ही वाहिन्यांनाही यात ओढलं, मग ओटीटी सेवांनाही. फ्रेंच चित्रपटांचा तिकीटबारीवरचा हिस्सा अलीकडच्या वर्षांत एक तृतीयांशाहून जास्त राहिला आहे, जो युरोपात फार थोड्या देशांना जमतो. यात दार बंद झालेलं नाही, उलट येणाऱ्या पाहुण्यानेच घराच्या डागडुजीला हातभार लावला आहे.

धोका कुठे आहे? पैसा कोण वाटतो, तिथे. कोरियात राष्ट्राध्यक्ष पार्क ग्यून-हे यांच्या काळात सरकारी मदतीपासून दूर ठेवायच्या हजारो कलाकारांची काळी यादी बनवली गेली होती. जगभर नावाजलेले दिग्दर्शक बाँग जून-हो यांचं नावही त्यात होतं. हे प्रकरण उघड झाल्यावर जानेवारी 2017 मध्ये पदावर असलेल्या संस्कृतिमंत्र्यांना अटक झाली. म्हणून निधीची मागणी करताना दुसरी मागणी त्याच अर्जात हवी: वाटपाचा निर्णय मंत्रालयाबाहेरच्या, ठरावीक मुदतीच्या समितीकडे असावा, आणि कुणाला किती मिळालं हे प्रसिद्ध व्हावं.

ओटीटीच्या काळात हा मार्ग आणखी महत्त्वाचा झाला आहे. युरोपीय संघाच्या 2018 च्या नियमानुसार ओटीटी सेवांच्या यादीत किमान 30 टक्के युरोपीय कार्यक्रम असावे लागतात आणि ते ठळकपणे दिसावेही लागतात. पण यादीत असणं वेगळं आणि पाहिलं जाणं वेगळं. टीव्हीच्या वेळापत्रकात रात्री नऊचा तास एकच असायचा, तो राखता येत होता. ओटीटीवर प्रत्येकासमोर वेगळा पडदा उघडतो. तिथे तासांचा कोटा पोकळ पडतो, उत्पन्नातला वाटा पडत नाही. कॅनडाने 2023 मध्ये नवा कायदा केला आणि 2024 मध्ये तिथल्या नियामकाने मोठ्या परदेशी सेवांना कॅनडातल्या उत्पन्नाचे 5 टक्के घरच्या निर्मितीसाठी द्यायला सांगितलं. कंपन्या लगेच न्यायालयात गेल्या. हे अपेक्षितच होतं आणि त्यासाठी तयार असावं.

भाषेची सोय

हा मार्ग सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. परका कार्यक्रम येणारच असेल तर तो निदान आपल्या भाषेत वाचता किंवा ऐकता यावा, लहान मुलांसाठी तर हमखास. 2022 मध्ये आइसलंडच्या संस्कृतिमंत्र्यांनी डिस्नीला पत्र लिहून आइसलँडिक डबिंग आणि सबटायटल्स द्यायला सांगितलं, आणि कंपनीने ते मान्य केलं. चार लाखही लोकसंख्या नसलेला देश. एका पत्राने सगळं साधलं असं नव्हे, पण मागितलंच नसतं तर काहीच मिळालं नसतं. शिवाय भाषांतरकार, डबिंग कलाकार, ध्वनितंत्रज्ञ अशी माणसं यातून तयार होतात, आणि घरची निर्मिती वाढते तेव्हा हीच माणसं लागतात.

"आपलं" कोण ठरवणार?

कुठलाही मार्ग निवडला तरी हा प्रश्न सुटत नाही. कॅनडाच्या रेडिओ नियमात गाणं कॅनडाचं ठरवायला संगीत, गायक, ध्वनिमुद्रण आणि शब्द अशा चार कसोट्या आहेत आणि साधारणपणे दोन पूर्ण व्हाव्या लागतात. 1991 मध्ये ब्रायन ॲडम्स या कॅनडाच्याच गायकाची गाणी या कसोटीत नापास झाली, कारण त्याने ती परदेशी सहकाऱ्याबरोबर मिळून लिहिली होती. गदारोळ झाला, नियम बदलावा लागला.

याहून गंभीर बाब अशी की "राष्ट्रीय" संस्कृती जपताना देशातल्याच लहान भाषा चिरडल्या जाऊ शकतात. ब्रिटनमधल्या वेल्सच्या वेल्श भाषेला धोका होता तो परदेशी माध्यमांपेक्षा जास्त स्वतःच्याच राज्याच्या इंग्रजी टीव्हीचा. 1980 मध्ये वेल्श राष्ट्रवादी नेते ग्विनफोर एव्हान्स यांनी आमरण उपोषणाचा इशारा दिला तेव्हा सरकार नमलं, आणि 1982 मध्ये वेल्श वाहिनी सुरू झाली. तुमच्या आराखड्यात अशा भाषांसाठी वेगळा हिस्सा लिहिलेला नसेल, तर तो आराखडा मी परत पाठवेन.

आंतरराष्ट्रीय करारांचं थोडक्यात. युनेस्कोने 2005 मध्ये सांस्कृतिक विविधतेचा करार 148 विरुद्ध 2 मतांनी संमत केला. अमेरिका आणि इस्रायल विरोधात होते. या करारामुळे देशांना सांस्कृतिक धोरण आखण्याचा आधार मिळतो. पण व्यापार करारात एकदा दिलेला शब्द त्याने रद्द होत नाही. परक्या मासिकांच्या कॅनडासाठी काढलेल्या आवृत्त्यांतल्या जाहिरातींवरचा 80 टक्के कर कॅनडाला 1997 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत हरल्यावर मागे घ्यावा लागला होता. सही करण्याआधी सांस्कृतिक क्षेत्र वगळून घेणं हे नंतरच्या दहा कायद्यांपेक्षा उपयोगी.

मग निवड कशी करायची

घरची निर्मिती जवळजवळ नसेल तर कोट्याची घाई करू नका. निधी उभा करा, प्रशिक्षण द्या, सबटायटल्स आणि डबिंगची अट घाला, एक चांगली सार्वजनिक वाहिनी चालवा. निर्मिती आहे पण पडदा मिळत नाही अशी स्थिती असेल, तर कोटा योग्य आहे: नव्या कामासाठी राखीव हिस्सा आणि पाच-सात वर्षांनी फेरविचाराची तारीख कायद्यातच लिहून. निर्मिती आधीच भक्कम असेल, तर कोट्यापेक्षा वाटपाच्या पारदर्शकतेवर आणि लहान भाषांवर भांडा. बंदीची मागणी समोर आली, तर मागणी करणाऱ्याला एवढंच विचारा की ज्या दिवशी ते बंद होईल, त्या संध्याकाळी त्या जागी आपल्याकडे दाखवायला काय तयार आहे.