एमआयडीसी रोडचं सलून: कटिंग १००, दाढी ६०, येईल त्याला तेवढंच

रेटिंग पाचपैकी चार. दुकानाचं नाव टाकत नाही कारण मालकालाच विचारलं तर म्हणाले, "नाव नको टाकू बाबा, रविवारची गर्दी आधीच आवरत न्हाय." साताऱ्यात पोवई नाक्यावरनं हायवे ओलांडून कोरेगाव रस्त्याला एमआयडीसीकडं निघालात की टायरवाल्याच्या शेजारी, तीन खुर्च्यांचं, बाहेर निळा पत्रा. त्या बाजूला राहणाऱ्यांना कळलं असेल.

आधी कामाचं बोलतो. कटिंग चांगली करतात, साईडचा फेड एकदम साफ, आणि मुख्य म्हणजे विचारून करतात, नाहीतर हल्ली कुठंही बसा, पोरगं सरळ मशीन लावतं आणि आपण आरशात बघेपर्यंत अर्धं डोकं गेलेलं असतं. दाढीला नवीन ब्लेड तुमच्यासमोर कागदातनं काढून, मोडून अर्धं वस्तऱ्यात घालतात आणि झाल्यावर लगेच काढून डब्यात टाकतात. नॅपकिन प्रत्येकाला धुतलेला. शेवटी तुरटी, मग पाहिजे तर आफ्टरशेव्ह. मान मोडायचा प्रकार बंद केलाय, आबा म्हणतात एखाद्याचा मणका हलला तर माझं दुकान जाईल. आबा म्हणजे मालक, सगळे तेच म्हणतात. डोक्याला दोन मिनिटं मालिश फुकटात, ते मात्र मनापासून करतात. डाय बरा, फेशियल बद्दल शेवटी सांगतो.

आता खरं जे लिहायचंय ते. दारात एक शाळेची जुनी पाटी टांगलेली आहे, आल्या आल्या स्वतः खडूनं नाव लिहायचं आणि बाकड्यावर बसायचं. बास. या पाटीपुढं कुणाचं काही चालत नाही. मागं आमच्या भागातले एक पुढारी आले, पांढरे कपडे, बाहेर गाडी चालूच ठेवलेली, म्हणाले आबा तेवढी दाढी उरकून टाका, लग्नाला जायचंय. आबांनी वर न बघता सांगितलं, "लिवा की नाव, तीन जण हाईत." त्यांच्या आधी कोण होतं, तर एक ऊसतोडीवाला, बीडकडचा, पोराला घेऊन आलेला. पोराला खुर्चीच्या हातांवर लाकडी फळी टाकून बसवलं, पोरगं मशीनच्या आवाजाला घाबरून रडतंय, कात्रीनं हळूहळू अर्धा तास गेला, आणि पुढारी बाकड्यावर मोबाईल बघत बसलेले. मी असला सीन साताऱ्यात दुसऱ्या कुठल्या दुकानात बघितलेला नाही, सरकारी ऑफिसात तर सोडाच.

आबा काही संत बिंत नाहीत हां. तोंडानं फटकळ माणूस, बाहेरच्या लोकांनी साताऱ्यात गर्दी केली, भाडी वाढवली, हे भाषण त्यांच्याकडनं मी स्वतः दाढीचा फेस तोंडाला असताना मुकाट ऐकलंय. तरी खुर्चीत बसलेल्या ओडिशाच्या कामगाराला तसाच धुतलेला टॉवेल, तेवढाच वेळ, तेच १०० रुपये. मला वाटतं यातच खरी गंमत आहे. माणसाच्या मनात काय आहे ते बदलेल तेव्हा बदलेल, पण पाटी, रेटबोर्ड आणि नवीन ब्लेड या तीन गोष्टी ठरलेल्या असल्या की समोरच्याला मालकाच्या मनाशी काही देणंघेणं राहत नाही. त्याचं काम होतं, तो पैसे देतो, जातो.

दुपारच्या वेळेला गिऱ्हाईक जरा वेगळं असतं. एक जोगता येतो, म्हणजे देवीला वाहिलेला, खांद्याला परडी, लांब केस आणि त्यात जट, त्या केसांना हात लावायचा नाही, फक्त दाढी. आबा केस स्वतःच्या हातानं वर गुंडाळून वेगळं फडकं बांधतात आणि काम सुरू. एक तृतीयपंथी ताई येते भुवया आणि डाय करायला. तिचं म्हणणं, लेडीज पार्लरमध्ये आत घेत नाहीत आणि जेन्ट्समध्ये टिंगल करतात. २०१९ च्या कायद्यात तृतीयपंथी म्हणून सेवा नाकारता येत नाही असं स्पष्ट लिहिलंय, पण कायद्याचा कागद घेऊन भुवया करायला कोण जाणार. इथं मी होतो तेव्हा बाकड्यावरची दोन पोरं खुसूखुसू हसायला लागली, आबा म्हणाले, "हसायचं असंल तर भायेर, नंबर जाईल हां." पोरं गप. नंबर जायची भीती किती मोठी असते बघा.

रेटबोर्डवर मी एवढा का अडकलोय ते सांगतो, कारण गाव सातारा आहे. बाबासाहेब लहानपणी इथंच राहायचे, ७ नोव्हेंबर १९०० ला राजवाड्यातल्या शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, त्यांचं नाव घातलं, म्हणून तर आपल्याकडं तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून करतात. शाळेच्या रजिस्टरमधल्या भिवा नावाचे फोटो त्या दिवशी सगळ्यांच्या स्टेटसला असतात. पण त्यांनी स्वतःच्या लहानपणाबद्दल जे लिहिलंय त्यातलं सलूनचं कुणी स्टेटसला ठेवत नाही. साताऱ्यात न्हावी होते, यांच्याकडं द्यायला पैसेही होते, तरी एकही न्हावी यांचे केस कापायला तयार नव्हता, म्हणून घरी मोठी बहीणच सगळ्यांचे केस कापायची, करून करून तिचा हात बसलेला. म्हणजे कोर्टात लढाव्या लागणाऱ्या मोठ्या हक्काची गोष्टच नाही ही, साधी कटिंग.

आणि दुसरी गोष्ट १९०१ ची, तीपण याच जिल्ह्यातली. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीला, पोरं सुट्टीत त्यांना भेटायला निघाली, मसूर स्टेशनवर उतरली, चांगले कपडे घातलेली. वडिलांना पत्र मिळालेलं नव्हतं त्यामुळं न्यायला कुणीच आलं नाही. जात कळली आणि स्टेशनमास्तरचा चेहराच बदलला. एकही गाडीवान तयार होईना, शेवटी एक तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि वर अट अशी की बैलगाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार. दुप्पट पैसे घेऊन अर्धीच सेवा. मला तर ही गोष्ट वाचल्यापासनं कुठल्याही दुकानात रेटबोर्ड भिंतीवर दिसला की बरं वाटतं, तोंडी रेट सांगणाऱ्या माणसाला समोरचा कोण आहे ते बघून आकडा बदलायची मुभा असते.

आबांना हे सगळं माहीत आहे, मी सांगायची गरज नव्हती. त्यांचं पिढीजात काम, आजोबा गावात बलुत्यावर करायचे, म्हणजे वर्षभर सगळ्या गावाची दाढी-कटिंग करायची आणि सुगीला खळ्यावर धान्य मागायला उभं राहायचं. ते म्हणाले, आमच्या आजाला पाटलाच्या वाड्यात ओसरीच्या वर जागा नव्हती, आणि आमचा आजा महारवाड्यात, मांगवाड्यात वस्तरा न्यायचा नाही, नेला असता तर गावानं त्याचंच बलुतं बंद केलं असतं. हे बोलताना हातातलं काम थांबलं नव्हतं. मी म्हणालो, आबा, पण १८९० ला मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनीच ठरवलं होतं ना की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, म्हणजे नाही म्हणायची ताकद तुमच्या धंद्यात होती. ते म्हणाले व्हती, पण गावात एकटं घर असतं, मुंबईत शेकड्यानं जमता येतं. यावर माझ्याकडं काही उत्तर नव्हतं. शेजारच्या कर्नाटकातनं अजूनही बातम्या येतात, अमक्या गावात दलितांचे केस कापत नाहीत, कापले म्हणून न्हाव्यालाच दंड केला. आबांचा मुद्दा तिथं आजही लागू पडतो.

१९४८ च्या नोव्हेंबरात संविधान सभेत दुकानांच्या कलमावर चर्चा चालू असताना बाबासाहेबांनी जे उत्तर दिलं ते मला फार आवडतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की नुसतं दारातनं आत येऊ देणं एवढाच याचा अर्थ नाही, मोबदला आणि अटी ठरल्या की सेवा द्यायलाच पाहिजे, मग ती कुठल्याही प्रकारची असो. कलम १५ मध्ये ते आलं, पुढं १९५५ च्या कायद्यानं अस्पृश्यता म्हणून सेवा नाकारणं हा गुन्हा झाला. उत्तर देणाऱ्या माणसाच्या डोक्यात त्यावेळी साताऱ्यातले न्हावी आणि मसूरचा गाडीवान होते की नाही ते कोण सांगणार, मला मात्र दरवेळी तेच दिसतात.

आता कारागिराचं. तीन खुर्च्यांपैकी एकीवर आबा, एकीवर त्यांचा पुतण्या आणि तिसरीवर उत्तर प्रदेशातला एक मुसलमान पोरगा, खरा हात त्याचाच, फेडसाठी लोक थांबून त्याचाच नंबर घेतात. मराठी आपल्यासारखीच बोलतो, "थोडं मागनं घिऊ का भाऊ?" विचारतो तेव्हा ओळखूच येत नाही. डोळे मिटून, मान मागं टाकून लोक त्याच्या वस्तऱ्याखाली घोरतात, मी स्वतः बघितलंय. आणि याच लोकांच्या घरात वरचा मजला रिकामा असताना या पोराला रूम मिळत नाही. एजंट आधी नाव विचारतो, मग आधार कार्ड, मग मालक गावाला गेलेत, मग फॅमिलीलाच देणार आहेत. लग्न झालेलं आहे हो त्याचं, बायको आणायचीय म्हणूनच तर रूम पाहिजे. सध्या दुकानाच्या माळ्यावर झोपतो. गळ्याशी ब्लेड चालतं पण जिन्यावरनं वर आलेला चालत नाही, हे गणित मला कळत नाही, कुणाला कळत असेल तर खाली लिहा. त्या बाजूला कुणाची साधी वन आरके असेल तर दुकानात येऊन भेटा, भाडं वेळेवर मिळेल याची जबाबदारी आबा घेतायत.

एक स्टार का कापला ते आता. दुकानाला रस्त्यापासनं दोन उंच पायऱ्या आहेत आणि खाली गटार. माझा आतेभाऊ व्हीलचेअरवर असतो. त्याला घेऊन गेलो तर आबा लगेच बाहेर आले, प्लास्टिकची खुर्ची, कापड, पाण्याचा स्प्रे, सगळं फुटपाथवर आणून कटिंग केली, एकदम व्यवस्थित. पण बाहेर. ट्रकचा धूर, येणारे-जाणारे वळून बघतायत, आरसा नाही, झाल्यावर हातातला छोटा आरसा दाखवला. आणि वर आबांनी पैसे घेतले नाहीत! "राहू दे रे, त्याच्याकडनं काय घ्यायचं." आतेभाऊ बँकेत नोकरीला आहे, माझ्यापेक्षा पगार जास्त, घरी येईपर्यंत गप्प होता, मग म्हणाला, एवढा मोठा रेटबोर्ड लावलाय, माझ्यापुरता पुसला काय? बरोबर आहे त्याचं. दुप्पट घेणं वाईट तसं फुकट करणंही नको, त्याला आतल्या खुर्चीत, स्वतःच्या नंबरला, १०० रुपयाला कटिंग पाहिजे.

मी हे आबांना सांगितलं. आधी त्यांना राग आला, म्हणाले चांगलं करायला जावं तर… मग दुसऱ्या गिऱ्हाइकाची दाढी होईपर्यंत काही बोलले नाहीत, आणि नंतर विचारलं, उताराला किती फूट लागतं? पायऱ्यांची उंची मोजली, प्रत्येक एक फूट उंचीला बारा फूट लांबी असा हिशोब असतो, तेवढी जागा समोर नाही. शेजारी वेल्डर आहे, त्यानं सांगितलं लोखंडी पत्र्याची काढता-घालता येणारी रॅम्प तिरकी बसवू, थोडी चढी होईल पण मागनं एकानं धरलं तर जाईल. काम सांगितलंय, अजून झालेलं नाही. पुढच्या वेळी आतेभावाकडनं १०० रुपये घेतले, फोनपेला, आवाज करून. कटिंग अजून बाहेरच. रॅम्प बसली की मी रेटिंग बदलतो.

बायकांसाठी काही नाही, पण छोट्या मुलींचा बॉयकट करून देतात, आईनं सोबत बसायचं.

बाकी माहिती: सोमवारी बंद. सकाळी सातला उघडतं, रविवारी सातच्या आधी पाटीवर नाव पडलं तरच नऊच्या आत मोकळे व्हाल. दिवाळीच्या आठवड्यात जाऊच नका. फोनपे, गुगल पे सगळं चालतं, सुट्टे नसतात. पार्किंग टायरवाल्याच्या दारात लावू नका, तो हवा सोडतो. फेशियल करू नका, पुतण्या शिकतोय अजून, माझा चेहरा दोन दिवस लाल होता.