प्लॅस्टिकची क्लॅरिनेट, चार वर्षांनंतर

पेटी येत होती, म्हणून क्लॅरिनेट पटकन जमेल असं वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात चक्रावले. खालचा सा धरून डाव्या अंगठ्याने मागची चावी दाबली, तर वरचा सा लागेना; लागला तो त्याच्याही पुढचा प! नळी जवळजवळ एकाच व्यासाची आणि तोंडाकडून बंद, म्हणून सूर सप्तकावर न थांबता बाराव्या स्वरावर जातो. मला या वाद्याचं वेड लागलं ते त्या प मुळे.

माझी क्लॅरिनेट बी-फ्लॅट सुराची, १७ चाव्यांची, एबीएस या कडक प्लॅस्टिकची. चांगल्या क्लॅरिनेट आफ्रिकन ब्लॅकवुडच्या असतात, पण हवेतला ओलावा एकदम बदलला की लाकडाला तडा जाऊ शकतो. माझी मी कुठेही, कधीही काढून वाजवते. वाजवून झालं की आतून कापड ओढायचं, सांध्यांच्या बुचाला अधूनमधून ग्रीस लावायचं, झालं.

तरी पहिले सहा महिने ती नुसती किंचाळायची आणि मी प्लॅस्टिकला दोष देत राहिले. दोष रीडचा, म्हणजे तोंडाकडच्या टोकाला लावायच्या वेताच्या पातळ पट्टीचा होता. नंबर मोठा तितकी रीड कडक, आणि मी सुरुवातच ३ नंबरने केली होती. २ नंबरची लावली आणि त्याच संध्याकाळी खालचे सूर भरून आले. उरलेली किंचाळी उजव्या अनामिकेची निघाली. तिच्याखालचं भोक मोठं आहे, बोट केसभर सरकलं तरी हवा निसटते.

सायकलचंही तसंच झालं होतं. फ्रेम जड म्हणून कुरकुरत होते, आणि टायरमध्ये हवाच कमी होती. जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे तिच्याहून वेगवान साठवण, घातली, तर तो अजून चालतोय. आता नवीन काही घेण्याआधी मी हे असे भाग आधी बघते.

तक्रार एकच, पण खरी आहे: सगळा भार उजव्या अंगठ्यावर येतो आणि आधाराची धातूची पट्टी रुतते. तिच्यावर रबरी नळीचा तुकडा चढवा. मी दोन वर्षं उगाच सोसलं.

शिकणाऱ्याने ही प्लॅस्टिकची क्लॅरिनेट बिनधास्त घ्यावी, फक्त रीड एकाच वेळी चार ठेवा आणि आलटून पालटून वापरा. माझ्या चारींच्या पाठीवर पेन्सिलीने क, ख, ग, घ लिहिलंय. सध्या ग सगळ्यात गोड बोलते, म्हणून तिला दोन दिवस मुद्दाम विश्रांती दिली आहे.