राहिलेली रोजनिशी: तारखेनं भरावी, प्रसंगानं लिहावी की कोरीच सोडावी?

माझ्या वहीत १४ सप्टेंबर २०२३ची नोंद आहे. पोळा होता. शेजारच्या पोरानं तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल रंगवला आणि निम्मा रंग आमच्या ओट्यावर सांडला, एवढंच लिहिलंय. त्याच्या पुढची नोंद थेट १५ जानेवारी २०२४ची, संक्रांतीची. मधले १२२ दिवस वहीत नाहीत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या सकाळी, सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. आम्ही नागपूरच्या महाल भागात राहतो. बाहेर "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" चाललेलं, इतवारीकडचे रस्ते माणसांनी फुललेले, आणि अँब्युलन्स लांबच्या वळणानं काढावी लागली. त्यानंतर दवाखाना, वॉकर, फिजिओथेरपी, दिवाळी, पाहुणे. वही कपाटात गेली ती गेली.

संक्रांतीला ती काढून बसले तेव्हा मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "काऊन वं, एवढं आठवून-आठवून कोणाले वाचून दाखवतं तू?" उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण खंड पडलेली वही कशी सांधायची याचे जेवढे मार्ग सुचले, तेवढे पुढच्या दोन महिन्यांत करून पाहिले. तुमच्याही वहीत अशी पोकळी असेल, तर ती भरण्याआधी हे वाचा. माझे काही रविवार वाया गेले, तुमचे जाऊ नयेत.

तारीखवार भरणं

पहिल्यांदा सगळ्यांना हेच सुचतं, मलाही सुचलं. छापील तारखांची डायरी असेल तर ती कोरी पानं दात विचकून बघत असतात, म्हणून जास्तच.

थोडा खंड असेल तर हा मार्ग उत्तम आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. १६६० ते १६६९ अशी नऊ वर्षं रोजनिशी लिहिणारा लंडनचा सॅम्युएल पीप्ससुद्धा कधीकधी सुट्या कागदांवर टिपणं करून ठेवायचा आणि मग अनेक दिवसांच्या नोंदी एका बैठकीत वहीत उतरवायचा. पण त्याच्याकडे टिपणं होती. आपल्याकडे बहुतेक वेळा काहीच नसतं.

मी पहिले नऊ दिवस लिहिले. दोन रविवार गेले, दिवसाला तीस-चाळीस मिनिटं. पुढे २५ सप्टेंबरपाशी अडकले. काय घडलं ते आठवत होतं, पण ते त्या दिवशीच घडलं का, ते काही केल्या ठरेना. मग मी अंदाजानं तारखा टाकायला लागले आणि लक्षात आलं की ही रोजनिशी राहिली नाही, परीक्षेतलं गाळलेल्या जागा भरणं झालं.

हा दोष माझ्या एकटीच्या डोक्याचा नाही. विलेम वाखेनार नावाचे एक डच मानसशास्त्रज्ञ सहा वर्षं रोज आपल्या आयुष्यातली एखाद-दुसरी घटना टिपून ठेवत होते. प्रत्येक घटनेचे चार भाग: काय, कोण, कुठे आणि केव्हा. सुमारे २,४०० घटना जमल्यावर त्यांनी स्वतःचीच परीक्षा घेतली आणि १९८६मध्ये ती प्रसिद्ध केली. 'काय' घडलं एवढं सांगितलं तर बाकीचं सगळ्यात चांगलं आठवायचं. नुसतं 'केव्हा' सांगितलं तर जवळजवळ काहीच हाती लागायचं नाही. म्हणजे तारीखवार भरणारा माणूस आठवणीच्या घराला सगळ्यात गंजलेलं कुलूप निवडतो आणि त्यातच किल्ली फिरवत बसतो.

दुसरी अडचण मला जास्त बोचली. १६ सप्टेंबरच्या नोंदीत मी लिहिलं होतं, "ऑपरेशन उद्या, काळजीचं कारण नाही." छे! त्या रात्री काळजीशिवाय दुसरं काहीच नव्हतं. साखर वाढलेली, भूल देता येईल की नाही ते नक्की नाही, आणि दीर गच्चीवर एकटेच फेऱ्या मारत होते. पण लिहिताना जानेवारी होता, सासूबाई स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या, आणि शेवट माहीत असलेल्या माझ्या हातानं त्या रात्रीची भीती परस्पर पुसून टाकली. खोटं बोलायचं नव्हतं. पण ते पान खोटं आहे, आणि वर जुनी तारीख घातल्यानं दहा वर्षांनी वाचणाऱ्याला ते कळणारही नाही.

म्हणून माझं मत: आठ-दहा दिवसांपर्यंत तारीखवार भरा. त्यापुढे नको.

फोन, कॅलेंडर आणि पावत्यांवरून

इथे खरी मजा आहे आणि खरे सापळेही.

फोनमधले फोटो हा पहिला आधार. स्वतःच्या फोननं काढलेल्या फोटोला तारीख-वेळ चिकटलेली असते, त्यावर विसंबायला हरकत नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवर विसंबू नका. भाच्यानं पिवळ्या मारबतीचा फोटो मला तीन दिवसांनी पाठवला. फोननं तो १८ सप्टेंबरखाली लावला, कारण मूळ तारीख वाटेत गळून जाते आणि उरते ती तो आल्याची. मारबत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते हे नागपूरच्या पोरालाही माहीत असतं, म्हणून चूक दिसली. एखाद्या साध्या दुपारच्या फोटोत ती दिसली नसती.

यूपीआयचा हिशेब तारखेला चोख आणि अर्थाला मुका. सकाळी सात चाळीसला ऐंशी रुपये, एका अनोळखी नावाला. बराच वेळ डोकं खाजवल्यावर आठवलं: दवाखान्यासमोरचे तर्री पोहे, दोन प्लेटा. ती रात्र मी बाकावर काढली होती आणि सकाळी त्या तर्रीनं डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा त्या निमित्तानं थोडं रडूनही घेतलं. एवढं सगळं त्या ऐंशी रुपयांत होतं. पण आठवलं म्हणून होतं. त्याच महिन्यातले आणखी एक साडेचारशे रुपये कोणाला आणि कशाचे दिले, ते आजही कोडं आहे.

गूगलची टाइमलाइन तुमच्याकडे चालू असेल तर कुठे कुठे गेलात ते दिसेल. मात्र २०२४पासून गूगलनं ती फोनमध्येच साठवायला सुरुवात केली. बॅकअप न ठेवता फोन बदलला असेल तर हात हलवत परत या. व्हॉट्सअ‍ॅपच्या घरच्या ग्रुपवरचं बोलणं 'एक्स्पोर्ट चॅट' करून साध्या मजकुरात काढता येतं. त्यात गुड मॉर्निंगचे गुलाब फार, पण "डॉक्टर राउंडला आले, सूज कमी आहे" यासारखी ओळ सापडली की गुलाब माफ.

या सगळ्यांपेक्षा मला उपयोगी पडलं ते भिंतीवरचं कालनिर्णय. दुधाचे खाडे, सिलिंडर लागल्याची तारीख, भांडेवाली बाई न आलेले दिवस, मागे पेन्सिलीनं केलेली बेरीज. सप्टेंबरात सलग सात दिवस दूध अर्धा लिटरच घेतलंय. त्याच आठवड्यात आमचं घर रिकामं होतं.

आणि याच पानानं मला खोटं ठरवलं. २३ सप्टेंबरच्या पहाटे नागपुरात जो पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, ती रात्र मी दवाखान्याच्या खिडकीशी बसून काढली, असं मी सगळ्यांना सांगत आले होते. अगदी काचेवरचं पाणी आठवतं. पण डिस्चार्जचा कागद २१ सप्टेंबरचा आहे, आणि कालनिर्णयावर त्याच तारखेला महालक्ष्म्यांचं, म्हणजे गौरींचं, आवाहन आहे. सासूबाई आणि महालक्ष्म्या एकाच दिवशी घरी आल्या, हा विनोद तर आमच्याकडे तेव्हापासून चालतो. म्हणजे दोन्ही गोष्टी मला पक्क्या आठवत होत्या, आणि त्या दोन्ही एकदम खऱ्या असू शकत नाहीत हे मात्र चार महिने ध्यानात आलं नाही. काचेवरचा पाऊस कुठल्यातरी दुसऱ्या रात्रीचा असणार. पुराच्या पहाटे मी घरीच होते, विसर्जनाच्या तयारीत, आणि अंबाझरी लेआउटमधल्या मैत्रिणीचा फोन लागत नव्हता.

तर कागदपत्रांचा मार्ग सांगाडा नीट उभा करतो. मांस चढवत नाही. नुसतं यावरच थांबलात तर वही हिशेबाच्या कीर्दीसारखी दिसेल.

प्रसंगवार लिहिणं

शेवटी मी यावर स्थिरावले. वर तारीख आजचीच घालायची. खाली प्रसंगाचं नाव: "वॉकर", "महालक्ष्म्या जाऊबाईंनी एकटीनं कशा उरकल्या", "दसऱ्याचं सोनं". मग जेवढं आठवेल तेवढं, आठवेल त्या क्रमानं. दिवस माहीत असला तर लिहायचा, नसला तर "दिवाळीच्या अलीकडे" किंवा "अधिवेशनाचे बॅनर लागले तेव्हा". नागपूरकराला पोळा, दसरा, दिवाळी आणि डिसेंबरातलं हिवाळी अधिवेशन एवढे खुंट पुरतात. त्यांच्या मधल्या दोरीवर बाकीचं वाळत घालता येतं.

दसऱ्याचं उदाहरण देते. २४ ऑक्टोबरला सासूबाई वॉकर धरून पहिल्यांदा दारापर्यंत आल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला आपट्याचं पान दिलं. दीक्षाभूमीला जाणारी माणसं आदल्या दिवसापासूनच रस्त्यानं दिसत होती. त्यातल्या एका आजीनं आमच्याकडे पाणी मागितलं, आणि दोघी म्हाताऱ्या गुडघ्यांबद्दल वीस मिनिटं बोलल्या. तारीखवार लिहिताना ही आजी मला आठवलीच नव्हती. 'वॉकर' असं नाव लिहिल्यावर ती आपोआप आली.

असे अकरा प्रसंग झाले, बावीस पानं, संध्याकाळी एक याप्रमाणे. तोटा एवढाच की साधे दिवस यातून गळतात. प्रसंग नसलेला मंगळवार प्रसंगवार कसा लिहिणार? त्यासाठी मी एक पान वेगळं ठेवलं, "त्या दिवसांत रोज काय चालायचं" म्हणून. सकाळी साडेसहाला गरम पाण्याची पिशवी, अकराला फिजिओथेरपीची मुलगी, दुपारी सासूबाईंची मालिका आणि माझी डुलकी. प्रसंगांच्या अकरा मथळ्यांपेक्षा हे पान मला जास्त आवडतं, हे आता लिहिताना कळतंय.

एक खूण जरूर करा. मी समासात तीन अक्षरं वापरते: 'न' म्हणजे नक्की, कागद आहे. 'ब' म्हणजे बहुतेक. 'ऐ' म्हणजे ऐकीव, घरच्यांनी सांगितलेलं. पुराच्या रात्रीसमोर मी 'ब' खोडून 'न' केलंय, आणि जुनी दवाखान्याची गोष्टही तशीच ठेवलीय.

बोलून उतरवणं, आणि कोरं सोडणं

लिहायचा कंटाळा असेल तर बोलून पाहा. मराठीत बोललेलं फोन टाइप करतो, वेगही बरा. मला जमलं नाही. नणंदेचं "ते काऊन रडून राहिली" हे वाक्य म्हटलं की फोन भलतंच काहीतरी टाइप करतो, आणि सुधारलं की ती माझी नणंद राहत नाही, बातम्या देणारी बाई होते. त्यापेक्षा नुसता आवाज रेकॉर्ड करून ठेवणं बरं. ज्यांचे हात दुखतात त्यांना, आणि सासूबाईंसारख्या माणसांची बाजू त्यांच्याच तोंडून घ्यायची असेल तर, याला तोड नाही. त्यांनी पडल्याची गोष्ट सांगितली ती माझ्या गोष्टीपेक्षा पार वेगळी निघाली. त्यांच्या मते त्या घसरल्याच नाहीत, साबणानं दगा दिला.

कोरं सोडण्याला लोक हार समजतात. मला तसं वाटत नाही. त्या दिवसांकडे वळून बघणंच नको असेल, किंवा मागचं भरायच्या ओझ्यानं आजचंही लिहिणं अडत असेल, तर एक ओळ लिहा: "इथे अमुक दिवस लिहिलं नाही." पान उलटा आणि आजची नोंद करा. मुद्दाम कोरं ठेवलेलं आणि विसरलेलं यात तेवढ्या एका ओळीचा फरक आहे. फक्त कंटाळ्यापोटी कोरं सोडत असाल तर दोन-तीन प्रसंग तरी लिहून टाका. कंटाळा जाईल, आणि प्रसंग नंतर येणार नाहीत.

वही घेताना

तारखा छापलेली डायरी पुन्हा घेऊ नका, बँकेची फुकट मिळाली तरी. नागपुरात बर्डीवर कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात साधं रेघांचं रजिस्टर मिळतं. त्यात चार दिवस राहिले तर पान कोरं दिसत नाही, फक्त तारीख पुढे उडी मारते.

आणि जानेवारी लागला की जुनं कॅलेंडर लगेच रद्दीत घालू नका. आमच्याकडे ते गेलंच होतं. रद्दीवाल्या भाऊंच्या काट्यावर चढलेल्या गठ्ठ्यातून मी ते परत ओढून काढलं, तर ते म्हणाले, "बाई, याचे पैसे कापू का?" मी म्हटलं, कापा. सप्टेंबरच्या पानाला २२ तारखेवर पुरणाच्या तुपाचा डाग आहे, आणि त्याखालचा दुधाचा आकडा अजून वाचता येतो.