कोकणातल्या वीस फुटी बोटीवर सात इंची स्ट्रायकर व्हिविड: काय घ्यावं, कशावर पैसे घालू नयेत

देवबाग, तारकर्ली, निवती या पट्ट्यात हौसेखातर गरवायला जाणाऱ्यांकडे आता वीस-बावीस फुटी फायबर बोटी बऱ्याच झाल्यात, आणि पावसाळा संपून बोट पाण्यात उतरली की प्रत्येकाचं तेच चालू होतं, फिशफाइंडर (पाण्याखालचा तळ आणि मासे स्क्रीनवर दाखवणारं मशीन) कुठला घेऊ, किती इंची घेऊ. मी गार्मिनचा स्ट्रायकर व्हिविड ७एसव्ही वापरतोय, मित्राच्या बोटीवर त्याच कंपनीचा एकोमॅप यूएचडी२ आहे आणि दोन्हींवर भरपूर वेळ घालवलाय म्हणून लिहितोय. मत आधीच सांगतो: आपल्या पाण्यात पैसा ट्रान्सड्युसर, तो बसवायचं काम आणि बॅटरी यांवर घाला, बाकी सगळं नंतर.

ट्रान्सड्युसर म्हणजे बोटीच्या मागे पाण्यात असतो तो भाग, आवाज सोडणारा आणि तळावरून, माशावरून परत आलेला ऐकणारा, आवाजाने बघायच्या या पद्धतीलाच सोनार म्हणतात. दुकानात पहिलं काय सांगतात तर किती खोल बघतो, हजार फूट, दोन हजार फूट. अहो पण आपण गरवतो तिथे १० ते ३० मीटर पाणी, फार तर ४०. एवढ्या पाण्याला २०० किलोहर्ट्झच्या आसपासची हाय फ्रिक्वेन्सी पुरून उरते. ५० किंवा ७७ वाली लो फ्रिक्वेन्सी खोल जाते हे खरं, पण तिच्या आवाजाच्या झोताचा कोन रुंद असतो, ३० मीटर पाण्यात ७७ वाली तळावर जवळजवळ २५ मीटरचं वर्तुळ बघते आणि त्यात कुठेही असलेला मासा स्क्रीनवर मात्र बोटीच्या बरोबर खाली असल्यासारखा दिसतो, मग तुम्ही गळ सोडत बसता आणि मासा असतो बाजूला. हाय फ्रिक्वेन्सीचं वर्तुळ तेवढ्याच पाण्यात १० मीटरच्या आसपास. ७एसव्हीबरोबर जीटी५२ ट्रान्सड्युसर येतो, त्यात १५० ते २४० किलोहर्ट्झचा चर्प सोनार आहे. चर्प म्हणजे एकच सूर न काढता खालून वर सरकत जाणारा आवाज, त्याचा फायदा असा की तळाला लागून बसलेला गोबरा आणि तळ यांचा एकच गोळा होत नाही, दोन्ही वेगळे दिसतात. तांबोशी, गोबरा यांच्या मागे असाल तर हे एवढं एकच कारण पुरेसं आहे.

आता वापराबद्दल. मशीन सुरू केल्यावर माशाची चित्रं दाखवणारं सेटिंग पहिलं बंद करा. मशीनला मासा ओळखता येत नाही, पाण्यातला कचरा, बुडबुडे, जेलीफिश, सगळ्याला ते माशाचं चित्र लावतं. खरी कमान बघायला शिका: मासा कोनात शिरतो तेव्हा लांब असतो, मध्ये आला की जवळ, जाताना परत लांब, म्हणून कमान. बोट नांगरलेली असेल आणि मासा खाली थांबलेला असेल तर कमान येत नाही, सरळ रेघ येते, आणि त्या रेघेकडे दुर्लक्ष करून लोक जागा बदलतात. आणि माशापेक्षा तळ वाचायला जास्त वेळ द्या. चिखलाचा तळ फिका, खडपाचा म्हणजे खडकाळ तळ जाड आणि भडक, शिवाय दुप्पट खोलीवर त्याचा दुसरा पडसादही दिसतो, तो दिसायला लागला की समजा खाली कडक आहे. चिखल संपून खडप सुरू होतो ती कड सेव्ह करा. आमच्याकडचे जुने तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, डोंगर आणि देऊळ एका रेषेत धरून हीच कड शोधत आलेत, त्यांना विचारा, तिथे जा आणि मशीनवर पॉइंट टाका, अशा माहितीला तोड नाही. ते खोली वावात सांगतात, वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढी लांबी, मशीनमध्ये फॅदम हे युनिट लावलंत की आकडे जवळपास जुळतात.

स्ट्रायकर आणि एकोमॅपमधला मुख्य फरक हा की स्ट्रायकरमध्ये जीपीएस आहे पण समुद्राचा चार्ट, म्हणजे खोली आणि खडक दाखवणारा नकाशा, नाही, टाकताही येत नाही. पॉइंट, आपण गेलो तो ट्रॅक, आणि क्विकड्रॉ, म्हणजे आपण फिरू तसा मशीन स्वतः खोलीच्या रेषांचा नकाशा काढत जातं, एवढंच. एकोमॅपमध्ये चार्ट चालतो, पण आपल्या किनाऱ्याचं कार्ड वेगळं विकत घ्यावं लागतं, हे बजेट काढताना धरा. मग चार्ट घ्यायचा का? रात्री किंवा धुक्यात फिरणार असाल, वेंगुर्ल्याच्या दीपगृहाच्या खडकांसारख्या जागी, देवगड-विजयदुर्गाकडे अनोळखी पाण्यात जाणार असाल तर घ्याच, त्यात कंजूसपणा नको. रोज आपल्याच खाडीतून उजेडात बाहेर आणि उजेडात आत असेल तर स्ट्रायकर आणि फोनवर डाउनलोड करून ठेवलेलं चार्टचं अ‍ॅप यात भागतं, फक्त फोन उन्हात तापून बंद पडतो आणि ओल्या बोटांना दाद देत नाही, म्हणून एकट्या फोनवर कधी जाऊ नका.

आणि हे नीट वाचा, कारण इथेच माणसं अडकतात. खाडीच्या तोंडावर कुठलाही चार्ट पूर्ण खरा नसतो. कर्ली नदीचं तोंड बघा, प्रत्येक पावसाळ्यात वाळू सरकते, बार म्हणजे तोंडावरचा वाळूचा दांडा हलतो, मागच्या वर्षी जिथून गेलो तिथे यंदा कंबरभर पाणी. तिथे उपयोगी पडतो तो आपला स्वतःचा ताजा ट्रॅक. भरतीच्या वेळी, उजेडात, हळू, खोली बघत बाहेर पडा, ट्रॅक सेव्ह करा आणि परत येताना त्याच रेघेवरून या. चार्टवरची खोली सगळ्यात खालच्या ओहोटीची धरलेली असते आणि सोनार दाखवतो ती त्या क्षणाची, भरतीसकट, त्यामुळे दोन आकडे जुळले नाहीत म्हणून मशीन खराब समजू नका. मुंबईकडे उधाणाला हा फरक चार मीटरच्या आसपास जातो. शिवाय ट्रान्सड्युसर पाण्याखाली किती आहे ते सेटिंगमध्ये भरा, नाहीतर ट्रान्सड्युसरच्या खालचंच पाणी दिसतं आणि इंजिनाचा पंखा त्याच्याही खाली असतो.

साइड स्कॅन, म्हणजे बोटीच्या दोन्ही बाजूंचं पाण्याखालचं चित्र, याबद्दल दोन मतं आहेत, माझं असं की बाहेर समुद्रात लाट असली की चित्र लहरी-लहरी येतं, फार कामाचं नाही. खाडीत मात्र जबरदस्त. कांदळवनाची कड, पुलाचे खांब, बुडालेलं झाड, जिताडा असतो तिथलं सगळं बाजूला दिसतं आणि बोट त्याच्यावर न्यावी लागत नाही. खाडीत गरवत नसाल तर साइड स्कॅन नसलेलं, स्वस्तातलं ७सीव्ही बघा. पाच इंची मात्र नका घेऊ, स्क्रीन दोन भागांत विभागली की काही वाचता येत नाही. लाइव्हस्कोपसारखा, खालचं हलतं चित्र त्याच क्षणी दाखवणारा लाइव्ह सोनार आणि रडार, वीस फुटी बोटीला दोन्ही सोडून द्या.

बसवण्याचं काम कुणाच्याही भरवशावर टाकून घरी बसू नका, समोर उभे राहा. मशीन भारी आणि बोट वेगात आली की स्क्रीन कोरी, असं दिसलं तर बहुतेक वेळा ट्रान्सड्युसर बुडबुड्यांत बसलेला असतो. पंख्यापासून किमान ३८ सेंटिमीटर लांब, तळाच्या उभ्या पट्ट्यांच्या मागे नको, फायबरच्या बोटीला तळाच्या कडेपासून साधारण ३ मिलिमीटर खाली. एकसंध फायबर असेल तर साधा ट्रान्सड्युसर आतून चिकटवूनही चालतो, पण मध्ये फोम किंवा लाकूड असलेल्या तळातून नाही आणि स्कॅनवाला तर कधीच नाही. वायर थेट बॅटरीवर फ्यूज लावून न्या, इंजिनाच्या बॅटरीवर सेल्फ मारताना व्होल्टेज पडतं आणि मशीन रीस्टार्ट होतं, म्हणून छोटी वेगळी १२ व्होल्टची बॅटरी उत्तम. बोट पाण्यातच राहत असेल तर ट्रान्सड्युसरवर शिंपले धरतात, त्याला पाण्यावर आधारित अँटीफाउलिंग रंग लावा, थिनरवाला रंग त्याचं प्लॅस्टिक खातो. आल्यावर गोड्या पाण्याने धुणं आणि कनेक्टरला ग्रीस, हे दर वेळी.

अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून मागवणारे बरेच आहेत. किंमत कमी पडते, पण वॉरंटी भारतात चालते का हे आधी लेखी विचारा आणि बॉक्समध्ये ट्रान्सड्युसर आहे ना ते बघा, काही मॉडेल त्याच्याशिवायही विकतात. त्याच पार्सलमध्ये इनरीचसारखा सॅटेलाइट मेसेंजर मात्र चुकूनही मागवू नका, दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय तो भारतात बाळगणं बेकायदेशीर आहे आणि त्यावरून विमानतळावर लोकांना पकडलंय. व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे बोटी एकमेकींशी बोलतात तो वायरलेस, त्यालाही लायसन लागतं, पण ते काढा, कारण फोनची रेंज किनारा सोडला की जाते आणि चॅनल १६ वर हाक मारली तर आजूबाजूची बोट ऐकते. रेंज असेल तोवर कोस्ट गार्डचा मदतीचा नंबर १५५४, तो मशीनच्या कव्हरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा म्हणजे बरोबरच्या माणसालाही दिसेल.