दाणेदार व्हॅम: जंभेरीला चांगलं, युरिया वाचवायला नाही

वरुड, मोर्शी, शेंदुरजना घाटच्या संत्रा नर्सऱ्यांत जंभेरीच्या रोपांवर संत्र्याचं कलम बांधतात. त्या रोपांसाठी कृषी केंद्रांत दाणेदार व्हॅम, म्हणजे मायकोरायझा बुरशीचं खत मिळतं. माल कामाचा आहे. पण पत्रकावर ‘नत्राची बचत’ असं ठळक छापून शेजारी पाइनच्या रोपाचा फोटो टाकलाय, घोळ तिथेच आहे.

पाइन-देवदारची बुरशी वेगळ्या जातकुळीची. ती मुळाच्या टोकावर बाहेरून वेष्टण घालते, गळलेल्या सुयांच्या थरातली प्रथिनं विकरांनी (एन्झाइम) फोडते आणि अमोनियम, अमिनो आम्लं अशा रूपात नत्र रोपाला पुरवते. त्या आम्लधर्मी जंगली मातीत नायट्रेट जेमतेम असतं, म्हणून बुरशीवाचून रोप पिवळं पडून खुरटतं. पिशवीतली व्हॅम मात्र थेट मुळाच्या पेशीत शिरते. नत्र थोडाफार तीही ओढते, पण तिचं खरं काम स्फुरद (फॉस्फरस) आणि जस्त मुळांना पुरवण्याचं. आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत ही दोन्ही अडकून पडतात आणि जंभेरीला मूलरोम तोकडे, त्यामुळे फायदा होतो तो इथे. पत्रकातल्या ‘नत्राच्या बचती’च्या भरवशावर युरियाचा हप्ता तोडला तर रोपं पिवळी पडणारच.

वाफ्यातलं रोप पिशवीत लावताना ५ ते १० ग्रॅम दाणे मुळांना टेकतील असे खड्ड्यात टाकायचे. वरून भुरभुरलेले वाया जातात. सर्वात जास्त फरक पडतो तो फॉर्मालिनने किंवा उन्हात प्लास्टिक अंथरून निर्जंतुक केलेल्या मातीत, कारण तिथली मूळची बुरशीही मेलेली किंवा कमी झालेली असते. साध्या शेतमातीत ती आधीच असते, तिथे पैसे मोजून फारसं काही दिसत नाही.

माल फुकट जातो तो बहुतेक दोन चुकांनी. रोपाच्या पिशवीतल्या मातीच्या मिश्रणात डीएपी, म्हणजे स्फुरदाचं खत, भरपूर असलं की मूळ बुरशीला आत घेत नाही. आणि मर (रोपं कोलमडण्याचा रोग) दिसली की कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी, म्हणजे मुळाशी ओतणी, होते, त्यात व्हॅमही मरते. डिंक्यासाठीचं (खोडातून डिंक गळण्याचा रोग) मेटॅलॅक्झिल तेवढं मारक नाही, पण त्याच्या तयार मिश्रणात जोडीला दुसरं औषध असतं, ते वाचून घ्या. शिवाय मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये पडून राहिलेली पिशवी घेऊ नका. उत्पादनाची तारीख बघा.

‘आठ दिवसांत हिरवीगार, पांढऱ्या मुळ्या’ ही जाहिरात ऐकली की घटक वाचावेत. ह्युमिक किंवा अमिनो आम्ल मिसळलेलं असेल तर तो रंग त्याचा. बुरशीला मुळात बसायला ४ ते ६ आठवडे लागतात आणि ती नुसत्या डोळ्यांनी दिसतही नाही. खात्रीच करायची तर बारीक मुळ्या १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळा, धुवा, व्हिनेगरमध्ये ५ टक्के फाउंटन पेनची काळी शाई घालून त्यात काही मिनिटं उकळा, मग पाण्यात थोडं व्हिनेगर टाकून जादा रंग काढा. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखालीही मुळाच्या आतले गडद धागे दिसतात.

कोबी, मोहरीवाल्यांनी घेऊच नये. त्या मुळांशी या बुरशीचं जमत नाही.